सावलीखालचं पाणी

१

बर्फ वितळायला लागला की आमच्या गॅरेजांच्या रांगेतले सगळे म्हातारे शिड्या लावून छतावर चढतात. आमच्या या खाणींच्या शहरात, कारागांदात, हे दरवर्षीचं आहे. गॅरेजं एकमेकांना चिकटलेली, मधे विटेची भिंत, सगळ्यांच्या डोक्यावर एकच सपाट स्लॅब आणि त्यावर डांबरी कागदाचे थर. उतार मागच्या बाजूला, जिथे माळ सुरू होतो. प्रत्येकाच्या वाट्याच्या छताला मागे एक तोटी. ती तुंबली की पाणी साचतं, आणि साचलेलं पाणी मालक कोण ते बघत नाही. ते निवांत शेजाऱ्याकडे जातं आणि तिथून खाली तळघरातल्या त्याच्या बटाट्यांवर. त्यामुळे आपलं छत साफ ठेवणं हा आमच्याकडे शेजारधर्म नाही, धर्मच आहे.

माझ्या डाव्या हाताला कुर्दासचं गॅरेज. कुर्दास म्हणजे आपल्याच वर्षी जन्मलेला. आमच्यात मोठ्यांपुढे मान खाली घालायची, लहानांना दटावायचं, आणि कुर्दासपुढे जीभ मोकळी सोडायची. त्याला वाटेल ते बोलावं आणि त्याने रागवू नये, अशी रीत आहे. तो बस डेपोत चालक होता, मी तिथेच इलेक्ट्रिशियन. त्याच्या टकलावरून मी आणि माझ्या नाकावरून तो, असं जन्मभर चाललं होतं. दोघांनी एकमेकांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारल्याचं आठवत नाही.

त्याच्या गॅरेजमागे एक करागाचचं झाड होतं. माळावर दुसरं झाड नाही, पार खाणीच्या ढिगाऱ्यापर्यंत नुसतं गवत. हे एवढं एकच, कुणी लावलं देव जाणे. कुणी जाता-येता त्याला चिंधी बांधायचं. मे महिन्यात त्याच्या बिया झडायच्या, कागदाच्या टिकल्यांसारख्या चपट्या. त्या कुर्दासच्या तोटीत जाऊन त्यांचा लगदा व्हायचा, पाणी साचायचं आणि माझ्या भिंतीला ओल यायची. मग मी त्याला शिव्या द्यायचो आणि तो झाडाला द्यायचा.

दोन वर्षांमागे पानगळीच्या दिवसांत त्याने झाड तोडायचं काढलं. मी म्हणालो, तोटीला जाळी बसव, झाड कशाला तोडतोस? रोग रेड्याला आणि औषध पखालीला. त्याने ऐकलं नाही. करवत आणून ठेवलेली होती.

“एकटं झाड तोडू नये म्हणतात,” मी म्हणालो.

“का रे?”

“तोडणारा एकटा पडतो.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “घरी रौशान आहे. पोरगा समोरच्या इमारतीत राहतो. आणि तू इथे माझ्या बोकांडी बसलेला. एकटा पडलो तर सुटलोच की मी.”

मला हसू आलं. दुपार उतरत होती. झाडाची सावली तिरपी होऊन त्याच्या छतावर पसरली होती आणि मी माझ्या छतावर उन्हात बसून बघत होतो. करवत थांबली, झाड माळाच्या बाजूला पडलं. एवढ्या मोठ्या झाडाचा व्हावा तेवढा आवाज काही झाला नाही.

२

पुढल्या एप्रिलात मी शिडी लावून वर गेलो तर रांगेतली सगळी छतं काळी कोरडी होती. बर्फ फक्त कुर्दासच्या छतावर होता, आणि तोही सगळीकडे नाही. मागच्या कडेपासून एक जाडसर पट्टा निघाला होता आणि पुढे येऊन पसरला होता. पट्ट्याच्या कडेने पाणी साचलं होतं. ते तोटीकडे जात नव्हतं.

कुर्दासला हाक मारली. तो वर आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. म्हणाला, स्लॅब खचली असेल. आमच्या गावाच्या पोटात खाणी आहेत, जमीन अधूनमधून बसते, भिंती वाकतात. हे मलाही पटलं. मी पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरलं, एक टोक त्याच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन तोटीपाशी बसलो. गवंडी पातळी बघतात तशी आम्ही इंचाइंचाने पातळी बघितली.

स्लॅब खचली नव्हती. उतार जसा हवा तसा होता. नळीतलं पाणी तसं स्वच्छ सांगत होतं, आणि छतावरचं पाणी त्याच उतारावर चिकटून बसलं होतं. आम्ही खराट्याने लोटलं की ते तोटीत जायचं. चार पावलं मागे सरलो की छत पुन्हा तिथेच ओलं व्हायचं आणि जरा वेळाने डबकं. निव्वळ पालथ्या घड्यावर पाणी. कुर्दासने नळीत फुंकून माझ्या तोंडावर पाणी उडवलं आणि म्हणाला, “नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. झालं तुझं विज्ञान?”

मग त्याने तोटीत हात घातला आणि मूठभर लगदा बाहेर काढला. करागाचच्या बिया होत्या.

“गेल्या सालच्या,” तो म्हणाला.

मी एक बी बोटांत घेऊन चुरडली. ओली होती, हिरवीगार, आणि बोटाला ताज्या पानाचा वास आला. एप्रिलात गावातल्या कुठल्याच करागाचला अजून बी धरलेली नसते. मी बोटं पँटला पुसली. थंडीत वस्तू टिकतात, असं मनाशी म्हणालो.

३

त्या दिवशी काम आटोपून आम्ही त्याच्या घरी चहाला गेलो.

चहाचं आमच्याकडे एक शास्त्र आहे. घरातली बाई प्याले भरते आणि अर्धेच भरते. अर्धा प्याला म्हणजे पुन्हा माग, बस, घाई नाही. जितका मान जास्त तितका चहा कमी. आणि कुणाचा प्याला काठोकाठ भरला तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. तोंडाने कुणी काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते.

रौशानने, त्याच्या बायकोने, माझ्यापुढे अर्धा प्याला ठेवला. मग कुर्दाससाठी भरायला लागली आणि भरतच राहिली. चहा काठाला आला, थरथरला, बशीत थोडा सांडला. तिने तो दोन्ही हातांनी नीट उचलून त्याच्यापुढे ठेवला, एखाद्या अनोळखी माणसापुढे ठेवावा तसा, हसून.

मी कुर्दासकडे पाहिलं. तो प्याल्याकडे बघत होता.

“काय गं, घराबाहेर काढतेस का?” तो म्हणाला.

रौशान माझ्याकडे वळली. तिने मला विचारलं, सांधे कसे आहेत, कुल्याश बरी आहे ना. कुल्याश माझी बायको. मी म्हणालो, बरी आहे. कुर्दासने चहा संपवला. भरलेला प्याला पिताना जीभ भाजते, त्याचीही भाजली असणार. मला वाटलं, वय झालं रौशानचं, नजर कमी झाली असेल. माझ्या आईचंही शेवटी असंच झालं होतं.

गॅरेजला कुलूप घालायचं राहिलं होतं म्हणून आम्ही दोघे उठलो. ती दारापर्यंत आली.

“पुन्हा या हं,” ती म्हणाली, “दोघेही.”

जिना उतरताना कुर्दास माझ्या पुढे होता. त्याची मान मला मागून दिसत होती आणि मी त्याला काहीतरी चावट बोलायला हवं होतं.

४

जूनमध्ये आम्ही छत नव्याने करायला घेतलं. जुना कागद खरवडून काढला, सिमेंटचा जास्तीचा उतार दिला, तोटी मोठी बसवली. रांगेतले लोक येता-जाता टोमणे मारायचे की एवढ्या उतारावर लहान पोरं घसरगुंडी खेळतील. ते माझ्याशीच बोलायचे. कुर्दासला वाटायचं, ते मुद्दाम त्याला चिडवतात. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

नवा डांबरी कागद पसरून वरून बर्नर फिरवायचा की डांबर पातळ होऊन कागद खाली चिकटतो. सगळीकडे चिकटला. त्या पट्ट्यावर चिकटेना. बर्नरची ज्योत तिथे ठीक लागायची, डांबर चकाकायचं आणि लगेच थिजून जायचं. ऊन इतकं होतं की बाकीच्या छतावर बुटाचे ठसे उमटत होते. मी त्या पट्ट्यावर उभा राहिलो तर खाली दगडासारखं घट्ट. हात टेकवला तर गार.

मी वर पाहिलं. आभाळात ढग नव्हता. माझ्या मागे, दोन पावलांवर, डोळे दिपवणारं ऊन होतं. माझ्या हातावर ते पडत नव्हतं.

तेव्हा मला त्या पट्ट्याचा आकार कळला. मागच्या कडेकडून येणारं खोड आणि पुढे पसरलेला शेंडा. झाड पडलं त्या दुपारी त्याची सावली जिथे होती तिथेच. सकाळी आलो तरी तिथे, संध्याकाळी आलो तरी तिथे. सावली उन्हाबरोबर फिरते. ही फिरत नव्हती.

माझं डोकं विजेवर चालतं, भुताखेतांवर नाही. तार तुटली असेल तर दिवा लागत नाही, आणि दिवा लागत असेल तर कुठेतरी तार असते. मी तीन दिवस तार शोधली. आजूबाजूला सावली पडेल असं काहीच उभं नव्हतं. झाडाच्या बुंध्यावर गवत उगवलं होतं.

कुर्दासने शोधाशोध सोडून दिली होती. तो पालथी बादली टाकून त्या पट्ट्यात बसायचा, पाय पाण्यात. त्याच्या एका बुटाची टाच फाटली होती, तिला त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला होता, आणि तो तुकडा सारखा सुटायचा.

“तिथून उठ,” मी म्हणायचो.

“इथे बरं वाटतं रे. बाहेर किती ऊन आहे.”

“घरी जा मग. घरी सावली आहे.”

यावर तो टाचेचा सुटलेला तुकडा दाबून बसवायचा. एकदा मात्र म्हणाला, की घरी त्याची ताटली मांडायची रौशान विसरते. तो स्वतः उठून घेतो. मग ती दचकते.

५

सप्टेंबरात अलिबेकच्या मुलाला पाळण्यात घालायचा सोहळा झाला. अलिबेक म्हणजे कुर्दासचा एकुलता एक मुलगा. हा कुर्दासचा पहिला नातू. वर्षभर तो याच दिवसाचं बोलत होता. म्हणायचा, मला दुसरं काही नको, अलिबेक सगळ्यांसमोर घराण्याची नावं घेईल, त्यात पहिलं नाव बापाचं, तेवढं कानांनी ऐकायचंय.

आमच्यात बापापासून सात पिढ्यांची नावं तोंडपाठ लागतात. ज्याला येत नाहीत त्याला अनाथ म्हणतात, मग घरात आईबाप जिवंत का असेनात. बाळाच्या आजोळचे एक म्हातारबाबा आले होते. त्यांनी रिवाजाप्रमाणे तरण्या बापाला विचारलं, “कुणाचा तू, बाळा?”

अलिबेक उठला, छातीवर हात ठेवला. “मी ओमिरझाकचा,” तो म्हणाला. “ओमिरझाक बैमुरातचा. बैमुरात शोलाकचा.” आणि असाच पुढे म्हणत गेला, न अडखळता.

ओमिरझाक हा कुर्दासचा बाप. आम्हा दोघांना त्यानेच डेपोत चिकटवलं होतं.

मी लोकांच्या हसण्याची वाट बघितली. कुणी हसलं नाही. म्हातारबाबांनी मान डोलावली, रौशानने डोळे पुसले. मला राहवलं नाही.

“अलिबेक, एक राहिला,” मी म्हणालो.

त्याने बोटांवर पुन्हा मोजले, माझ्यासमोर, मोठ्याने. ओमिरझाकपासून सुरुवात केली आणि सात बोटं भरली.

“सात झाले की, तोलेगेन-आगा,” तो म्हणाला. उद्धटपणे नाही. माझी चूक सांभाळून घ्यावी तसं म्हणाला. सगळे माझ्याकडे बघत होते आणि त्या नजरा मला ओळखीच्या होत्या. एप्रिलात मी रौशानकडे तसंच बघितलं होतं.

कुर्दास दाराजवळ बसला होता, कोट मांडीवर घेऊन, लांबच्या पाहुण्याच्या जागी. घरच्या वडीलधाऱ्या माणसाची जागा समोर, मधोमध. तिथे उशी ठेवलेली होती आणि तिच्यावर कुणीच नव्हतं. मी उठून त्याच्याजवळ गेलो. त्याने माझी बाही धरली.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “पोराने नावं छान घेतली ना? एकही चुकलं नाही.”

माझा संताप झाला, पण कुणावर करायचा ते कळेना. मी पाळण्यातल्या बाळाला बघायला गेलो. बाळ माझ्याकडे बघून हसलं. कुर्दास माझ्या मागून वाकला तसं त्याचं हसू थांबलं आणि ते छताकडे बघत राहिलं, डोळे बारीक करून, झाडाखाली निजलेली बाळं बघतात तसं.

६

नोव्हेंबरात त्याने घरी जाणं बंद केलं. गॅरेजमध्ये गाडीच्या मागच्या सीटवर झोपायचा. बाहेर थुंकी गोठेल एवढी थंडी. मी म्हणालो, माझ्याकडे चल. तो एक दिवस आला. कुल्याशने त्याच्या अंगावर घड्या घातलेले कपडे ठेवले. तो सोफ्यावर बसला होता आणि ती त्याच्या मांडीवर चादरी रचत होती. मी ओरडलो. ती घाबरून माझ्याकडे बघायला लागली, आणि तो उठून जिना उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच त्याच्या घरी नेलं. मला वाटत होतं, समोरासमोर उभं केलं की रौशानला दिसेलच. चाळीस वर्षं संसार केलेली बाई. मी घंटा वाजवली, दार उघडलं.

“या तोलेगेन,” ती म्हणाली. “एकटेच आलात?”

“हा काय शेजारी उभा आहे.”

तिने पाहिलं. खरंच मनापासून पाहिलं, चष्मा कुठे ठेवला ते आठवताना बघतो तसं. तिच्या मनात काही कपट नव्हतं, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून गेली आणि मागच्या भिंतीवर थांबली.

“रौशान,” तो म्हणाला.

तिने मान वळवून जिन्याच्या खिडकीकडे पाहिलं.

“वारा सुटलाय वाटतं,” ती म्हणाली. “झाडं सळसळतायत.”

खिडकीबाहेर अंगण होतं आणि अंगणातल्या झाडांवर एक पान नव्हतं.

“रौशान,” तो पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने. तिने शाल घट्ट ओढून घेतली आणि मला म्हणाली, आत तरी या, नाहीतर दार लावू द्या, जिना फार गार पडलाय. मी तिच्याकडे आणि त्याच्याकडे बघत राहिलो. दार लोटलं गेलं. तो दारावर हात ठेवून थोडा वेळ उभा होता. वाजवलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “तुझं नाक अजून दिसतं मला. म्हणजे मी पुरता गेलेलो नाही.”

मी रडलो. त्याच्या देखत, जिन्यात, या वयात.

७

माझ्या मनाने एक घेतलं होतं. सगळं त्या पाण्यापासून सुरू झालं, तर पाणी काढलं की सगळं मागे जाईल. याला काही आधार नाही हे मला कळत होतं. पण माणूस हातात असलेल्या हत्यारानेच विचार करतो, आणि माझ्या हातात ड्रिल होतं.

छतावरून पाणी जात नसेल तर खालून भोक पाडायचं. स्लॅबमधून आरपार, डबक्याच्या बरोबर मधोमध. पाणी गॅरेजात पडेल, पडू दे. बाहेर सगळं गोठलं होतं, छतावरचं ते डबकं मात्र गोठलं नव्हतं. हे मी आदल्या दिवशी बोट घालून पाहिलं होतं.

कुर्दासने खाली शिडी धरली. मी वर चढलो, डोक्यावर मोजून खूण केली आणि ड्रिल लावलं. सिमेंटची धूळ डोळ्यांत गेली. बऱ्याच वेळाने ड्रिल एकदम हलकं झालं, आरपार गेलं. मी ते ओढून काढलं आणि तोंड बाजूला केलं, पाणी अंगावर येईल म्हणून.

एक थेंब पडला नाही.

भोकातून आवाज येत होता. आधी मला वाटलं, ड्रिलचा आवाज कानात राहिलाय. मी प्लग काढला, थांबलो. आवाज तसाच होता, मंद, कमी-जास्त होणारा. मला तो चांगला ओळखू येत होता. उन्हाळ्यात आम्ही कित्येक दुपारी गॅरेजची दारं उघडी टाकून तोच ऐकत झोपलो होतो.

मी भोकाला डोळा लावला. वर पाणी दिसायला हवं होतं, निदान नोव्हेंबरचं करडं आभाळ. हिरवं दिसलं. पानं होती, एकावर एक, आणि त्यांच्यामधून झिरपणारं ऊन. पानं हलली. मधे क्षणभर एक बुटाचा तळवा दिसला. टाचेचा ट्यूबचा तुकडा सुटून लोंबत होता.

मी खाली पाहिलं. कुर्दास शिडी घट्ट धरून, मान वर करून माझ्याकडे बघत होता.

“काय दिसतंय?” त्याने विचारलं.

“आभाळ,” मी म्हणालो.

“खोटारडा,” तो म्हणाला, आणि हसला. मग जरा वेळाने म्हणाला, “ऊन आहे का रे तिकडे?”

मी हो म्हणालो. ते तरी खरं होतं.

त्याने शिडी सोडली नाही. मी पुरता उतरेपर्यंत धरून होता. मग स्वेटर काढला, घडी घालून गाडीच्या टपावर ठेवला आणि बाहेर जाऊन बाहेरच्या शिडीने वर चढला. मी त्याला अडवायला हवं होतं. मी नुसतं म्हणालो, “उद्या येतो. चहा आणतो.”

“येत जा,” तो वरून म्हणाला. “तू तरी येत जा.”

८

मी रोज जातो. कुल्याश विचारते, एवढा थर्मास भरून कुठे निघालात? मी म्हणतो, छत बघून येतो. सगळा हिवाळा गेलो, बर्फाच्या वादळातही गेलो. शिडीवरून हाक मारायची, “कुर्दास!” आणि वरून बादली सरकल्याचा आवाज यायचा. पुढे पुढे तो मला नुसता पाठमोरा दिसायचा, नंतर फक्त पाण्यात दिसायचा, कधी नुसती बादलीच. पण आवाज यायचा. मी दोन प्याले काढायचो, दोन्ही अर्धे भरायचो, एक पाण्याच्या कडेला ठेवायचो. मग डेपोतल्या गोष्टी, त्याच्या टकलाची चेष्टा. परत निघताना प्याला रिकामा असायचा. चहा थंडीत सुकत नाही, हे मला माहीत आहे.

आता पुन्हा एप्रिल आलाय. रांगेतले म्हातारे छतावर चढलेत. परवा त्यांच्यातल्या एकाने मला विचारलं, तोलेगेन, तुझ्या डावीकडचं ते रिकामं गॅरेज कुणाचं रे? मी सांगायला तोंड उघडलं.

जन्मभर मी त्याला कुर्दास म्हणत आलो. पण त्याला नाव होतं. डेपोत हजेरीला ते रोज पुकारलं जायचं आणि त्याच्या लागोपाठ माझं. मी रात्रभर आठवत बसलो. ओमिरझाकचा मुलगा, अलिबेकचा बाप, रौशानचा नवरा, इथपर्यंत पोचतो आणि मधली जागा रिकामी राहते. सकाळी कुल्याशला विचारलं. ती म्हणाली, “कुणाबद्दल म्हणताय?” मग हे सगळं पहिल्यापासून स्वतःला सांगायला लागलो, की सांगता सांगता नाव ओघात येईल. तुम्हालाही आत्ता तसंच सांगितलं. नाही आलं.

आणि कुर्दास तर कुणीही असतो. माझ्या वर्षी जन्मलेला कुणीही.

आज गेलो तेव्हा ऊन चांगलं होतं. तोटीत पुन्हा हिरव्या बियांचा लगदा अडकला होता, तो काढला. पट्ट्याच्या कडेला बसलो, हाक मारली. बादली सरकली. पाण्यात पानं हलत होती आणि पानांखाली एक म्हातारा बसला होता, टकल्या, दमलेला, माझ्याकडे मोठ्या आशेने बघत होता. कुठे पाहिलंय याला, असं मला वाटलं. वाटलं तेवढ्यात लाज वाटली, आणि मी घाईघाईने थर्मास उघडून त्याच्यासाठी चहा ओतायला लागलो.

हात थांबला तेव्हा चहा माझ्या बोटांवरून वाहत होता. मी खाली पाहिलं. त्याचा प्याला मी काठोकाठ भरला होता.